आरसा म्हणजे प्रत नव्हे



या पानावर मी एरवी कोकणातली गावे, सिनेगॉग आणि जुनी माणसे यांच्याबद्दल लिहिते. आज डिस्कबद्दल लिहिणार आहे, कारण हल्ली मला इतिहासापेक्षा डिस्कबद्दलच जास्त विचारले जाते. बऱ्याच घरांत केतुबा, लग्नाचे फोटो, कीर्तनाच्या वह्या, कबरींवरच्या अक्षरांचे फोटो हे सगळे स्कॅन करून झाले आहे. आता हे ठेवायचे कशावर? मग घरातला एखादा नातू सांगतो, "आजी, रेड लाव. एक डिस्क मेली तरी दुसरी चालते. काळजीच नाही."

नातू अर्धे खरे सांगतो. उरलेल्या अर्ध्यासाठी हा लेख.

माझे मत आधी सांगते, कारणे मागाहून. घरात दोनच डिस्क असतील तर रेड लावू नका. दोन प्रती करा आणि त्या दोन वेगळ्या घरांत ठेवा. जास्त डिस्क घेता आल्या तर रेड जरूर लावा, पण साधा दोन डिस्कचा आरसा, आणि तोही मोफत, खुल्या प्रणालीवर सॉफ्टवेअरने केलेला. महागडे कार्ड नको आणि चार-पाच डिस्कची कसरतही नको.

मी नर्स होते, इंजिनीअर नाही. पण डेबियनवर चालणारा एक छोटा सर्व्हर माझ्या घरी आहे, तो मीच लावला आणि मीच सांभाळते. त्यासाठी जे लागते ते वॉर्डात काम केलेल्या कोणालाही जमेल: लिहून ठेवणे, नाव पडताळणे आणि घंटा वाजली की उठणे.

हे कागद जपायचे कशासाठी

हाइम शमुएल केहिमकर यांनी आपल्या समाजाचा इतिहास १८९७ साली लिहिला. तो पुस्तकरूपाने निघाला १९३७ साली, तेल अवीवमध्ये. मधली चाळीस वर्षे तो हस्तलिखितातच होता. तेवढ्यात वाळवी लागली असती किंवा पावसाळ्यात पेटी भिजली असती, तर आज आपल्याविषयी जे सांगितले जाते त्यातले कितीतरी सांगताच आले नसते.

दुसरे उदाहरण तुमच्यापैकी अनेकांच्या आईवडिलांच्या आठवणीतले आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला इस्रायलमध्ये विवाहाची नोंद करताना आपल्या लोकांच्या आई-आजीच्या वंशाची चौकशी होऊ लागली. ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेटने आपण सर्व बाबतीत यहुदीच आहोत असे स्पष्ट केले, पण तोवर किती घरांत ट्रंका उघडून कागद शोधले गेले असतील! कोणत्या कागदाची केव्हा गरज पडेल हे तो कागद ठेवणाऱ्याला कधीच माहीत नसते. म्हणून ठेवायचे तर नीट ठेवायचे.

रेड म्हणजे काय

१९८८ साली बर्कली इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी एक निबंध लिहिला. त्याचा मुद्दा असा, की एक मोठी महागडी डिस्क घेण्यापेक्षा अनेक छोट्या स्वस्त डिस्क एकत्र जोडाव्यात आणि त्यांतली एखादी बिघडणारच हे गृहीत धरून रचना करावी. त्या रचनेला त्यांनी रेड हे नाव दिले.

रेडचे प्रकार आकड्यांनी ओळखतात. रेड ० मध्ये मजकूर दोन डिस्कवर वाटला जातो. वेग वाढतो, पण एक गेली की सगळे गेले. रेड १ म्हणजे आरसा: जे एका डिस्कवर लिहिले जाते तेच त्याच क्षणी दुसऱ्यावर. रेड ५ मध्ये तीन किंवा जास्त डिस्कवर मजकूर वाटतात आणि सोबत ताळा लिहितात. शाळेत गणिताचा ताळा करायचो तसाच. एक डिस्क गेली तर उरलेला मजकूर आणि ताळा यांवरून हरवलेला भाग काढता येतो. रेड ६ मध्ये असे दोन ताळे असतात, त्यामुळे दोन डिस्क गेल्या तरी निभावते.

आरसा म्हणजे शरीरातल्या दोन मूत्रपिंडांसारखा. एक निकामी झाले तरी माणूस चालता-बोलता राहतो. पण विष पोटात गेले तर ते दोन्हींपर्यंत पोहोचते. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

कार्ड नको, सॉफ्टवेअर हवे

रेड दोन तऱ्हांनी करता येते. एक तऱ्हा म्हणजे संगणकात त्यासाठीचे खास कार्ड बसवणे किंवा सगळे आत असलेला तयार डबा विकत घेणे. दुसरी म्हणजे साध्या डिस्क लावून ते काम प्रणालीवरच सोपवणे. लिनक्समध्ये ही सोय मुळातच आहे. तिला एमडी म्हणतात आणि ती चालवण्याचे साधन म्हणजे एमडीएडीएम. नील ब्राउन यांनी ते लिहिले, ते मोफत आहे आणि डेबियन, उबुंटू सर्व्हर अशा बहुतेक सर्व लिनक्सवर मिळते.

माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाने कार्डवर चालणारा डबा घेतला होता. काही वर्षांनी डब्यातले कार्ड जळले. दोन्ही डिस्क धडधाकट होत्या, पण त्यांवर मजकूर कसा मांडला आहे हे फक्त त्या कार्डाला ठाऊक. तसे कार्ड बाजारात मिळेना. रोगी जिवंत आणि केसपेपर हरवलेला, अशी ती अवस्था.

एमडीमध्ये हे टळते. संचाची ओळख डिस्कवरच लिहिलेली असते: मी कोणत्या संचाची, त्यात कितवी. माझा संगणक उद्या जळाला तर त्यातली एक डिस्क काढून कोणत्याही दुसऱ्या लिनक्स संगणकाला लावली तरी आरसा एका पायावर उभा राहतो आणि फाइली वाचता येतात. हे मुद्दाम करून पाहिल्याशिवाय मी एकही केतुबा त्यावर ठेवली नाही.

तयार डबे सगळेच वाईट असतात असे माझे म्हणणे नाही. बाजारातल्या बऱ्याच डब्यांच्या पोटात हेच लिनक्सचे एमडी असते. पण मग झाकणाचे पैसे का द्यायचे? आणि झाकण उघडून आत काय आहे हे शिकायला हरकत कसली? वीस वर्षांनी तो डबा बनवणारी कंपनी असेल की नाही कोण जाणे. एमडीचा मूळ कोड सर्वांसमोर उघडा आहे, तो वाचणारी माणसे जगभर आहेत.

लावताना काय करायचे

आज्ञांची अक्षरे इथे देत नाही. ती एमडीएडीएमच्या माहितीपानात नीट दिलेली आहेत. कोणत्या पायरीवर काय सांभाळायचे ते सांगते.

पहिली पायरी, ओळख. लिनक्स डिस्कला एसडीए, एसडीबी, एसडीसी अशी नावे देते. ही नावे संगणक पुन्हा सुरू केल्यावर बदलू शकतात. ती खाटेच्या नंबरासारखी आहेत. रोगी या खाटेवरून त्या खाटेवर जातो. आपण इंजेक्शन देण्याआधी मनगटावरची पट्टी वाचतो. डिस्कची मनगटपट्टी म्हणजे तिचा अनुक्रमांक. तो स्टिकरवर छापलेला असतो आणि लिनक्सही दाखवते. प्रत्येक डिस्कचा अनुक्रमांक वहीत लिहा आणि मोठ्या अक्षरांत डिस्कच्या दिसणाऱ्या बाजूला चिकटवा. डिस्क बिघडल्याच्या दिवशी घाईत चांगलीच डिस्क उपसून काढली, हा या कामातला सर्वांत मोठा धोका आहे आणि तो कागदाच्या एका तुकड्याने टळतो.

दुसरी पायरी, विभाग. डिस्कवर एकच पार्टिशन करा, पण शेवटी थोडी जागा सोडा. एकाच मापाच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या दोन डिस्कही अगदी नेमक्या सारख्या नसतात. उद्या बदली डिस्क किंचित लहान निघाली तर ती संचात बसणार नाही. दोन्ही डिस्क एकाच दिवशी एकाच खोक्यातून घेऊ नका; एकाच घडणीच्या डिस्क एकाच सुमारास थकू शकतात.

तिसरी पायरी, संच बांधणे. एमडीएडीएमला तीन गोष्टी सांगायच्या: प्रकार १, डिस्क दोन आणि त्या कोणत्या. जुना मजकूर पुसला जातो, म्हणून होय म्हणण्याआधी अनुक्रमांक पुन्हा पडताळा. मग दोन्ही डिस्क एकसारख्या करण्याचे काम सुरू होते. ४ टेराबाइटच्या साध्या फिरत्या डिस्कला सात-आठ तास लागतात. तेवढा वेळ थांबायची गरज नाही, संच लगेच वापरता येतो, पण मी तरी ते पुरे होईपर्यंत महत्त्वाचे काही ठेवत नाही. मोठ्या संचाला एमडीएडीएम एक नोंदपट्टीही जोडू शकते. मध्येच वीज गेली तर त्या पट्टीवरून कळते की कोणता भाग लिहिताना अर्धवट राहिला, आणि पूर्ण डिस्क पुन्हा तपासावी लागत नाही.

चौथी पायरी, फाइल सिस्टम. ती संचावर करायची, सुट्या डिस्कवर कधीच नाही. एक्स्ट-फोर पुरे. संगणक सुरू होताना संच आपोआप जोडला जावा म्हणून एफएसटॅबमध्ये त्याची ओळख लिहायची, तीही यूयूआयडीने. संचाचे वर्णन एमडीएडीएमच्या मांडणी-फाइलमध्ये उतरवून ठेवायचे आणि सुरुवातीची प्रतिमा ताजी करायची. ही शेवटची गोष्ट राहिली तर पुढच्या वेळी संच वेगळ्याच नावाने उभा राहतो आणि नवखा माणूस घाबरतो.

पाचवी पायरी, घंटा. ही सर्वांत महत्त्वाची आणि हीच लोक सोडून देतात. आरशातली एक डिस्क मेली तर फाइली पूर्वीसारख्याच उघडतात. काहीच दुखत नाही. रोग असा लपलेला असला की वाईट. एमडीस्टॅट नावाच्या अहवालात कंसात दोन यू दिसले म्हणजे दोन्ही डिस्क ठीक. एका यूच्या जागी नुसती रेघ दिसली म्हणजे संच एका डिस्कवर चालला आहे. पण हा अहवाल रोज कोण वाचणार? म्हणून एमडीएडीएमच्या पहारेकऱ्याला ईमेलचा पत्ता द्या, संगणकावर पत्र पाठवण्याची सोय करा आणि चाचणीचे पत्र पाठवून ते खरोखर पोहोचते का पाहा. पत्ता एकाचा नको. शक्य असेल तर ज्यावरून दोघांना पत्र जाईल असा द्या: एक तुम्ही आणि एक दुसऱ्या घरातले कोणी.

सहावी पायरी, तालीम. एखाद्या शांत दिवशी, संचावर काही मौल्यवान नसताना, एक डिस्क बिघडली असे एमडीएडीएमला स्वतःच सांगा. ती काढा, फाइली उघडतात का पाहा, घंटा वाजली का पाहा, मग डिस्क परत जोडा आणि पुन्हा एकसारखी होऊ द्या. आग लागल्यावर जिना शोधायचा नसतो.

डेबियनमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी मध्यरात्रीनंतर दोन्ही डिस्क एकमेकींशी ताडून पाहण्याचे काम आपोआप सुरू होते. आपल्याकडे शब्बाथ तोवर उतरलेला असतो, तेव्हा त्या रात्री घरातून डिस्कचा घरघर आवाज आला तर घाबरू नका.

चार डिस्कचा मोह

"चार डिस्क घेऊन रेड ५ केले तर तीन डिस्कची जागा मिळते, आरशात निम्मी वाया जाते," असे मला सांगतात. हिशेब बरोबर आहे. पण आपल्याला जागा लागते किती? ए-४ मापाचे पान चांगल्या बारकाईने, म्हणजे ६०० डीपीआयने, रंगीत आणि न दाबता साठवले तर सुमारे १०० मेगाबाइट होतात. हजार पानांना १०० गिगाबाइट. ४ टेराबाइटच्या आरशात पस्तीस हजारांहून जास्त पाने मावतात. किती घरांत इतके कागद आहेत?

आणि रेड ५ ची परीक्षा असते ती डिस्क बिघडल्यानंतर. नवी डिस्क भरण्यासाठी उरलेल्या सगळ्या डिस्क पहिल्या बाइटपासून शेवटच्यापर्यंत वाचाव्या लागतात. साध्या डिस्कच्या माहितीपत्रकात साधारणपणे असे लिहिलेले असते, की सुमारे १२.५ टेराबाइट वाचताना न वाचता येणारी एखादी जागा निघू शकते. ४ टेराबाइटच्या चार डिस्कच्या संचात अशा वेळी १२ टेराबाइट वाचावे लागतात. प्रत्यक्षात बऱ्याच डिस्क याहून चांगल्या वागतात, तरी ज्या दिवशी दुसरी चूक परवडत नाही नेमके त्याच दिवशी सर्वांत जास्त वाचायचे, ही गोष्ट मला पटत नाही. शिवाय रेड ५ मधली एकटी डिस्क वाचता येत नाही. आरशातली येते. माझ्या पश्चात हे उघडणारा माणूस जाणकार असेलच असे नाही, म्हणून मला एकटीने वाचता येणारी डिस्क हवी.

आता ते विषाचे वाक्य

कोणी चुकून "आजोबा" नावाचे फोल्डर पुसले तर आरसा ते दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी पुसतो. व्हायरस फाइलींना कुलूप लावतो तेव्हा दोन्हीकडे लावतो. चोर संगणक उचलून नेतो तेव्हा दोन्ही डिस्क एकाच पिशवीत जातात. पाणी, आग, वीज, युद्धात रिकामे करावे लागलेले घर, यांतल्या कशालाही आरसा उत्तर देत नाही. औषधाच्या तक्त्यावर चुकीची मात्रा लिहिली आणि खाली कार्बन ठेवलेला असेल, तर दोन्ही कागदांवर चूकच उमटते. दुसरा कागद पहिल्याला तपासत नाही.

तसेच दोन डिस्क एकमेकींशी जुळल्या नाहीत तर बरोबर कोणती, हे एमडीला कळत नाही. झेडएफएस आणि बीटीआरएफएस या फाइल सिस्टम प्रत्येक तुकड्याचा ताळा ठेवतात, त्यांना ते कळते. ज्याला त्या शिकायच्या त्याने जरूर शिकाव्यात. पण परवान्याच्या कारणाने झेडएफएस लिनक्सच्या गाभ्यात नाही, डेबियनवर ते वेगळे बसवावे लागते. मी सोपा रस्ता धरला आहे: सर्व फाइलींच्या शा-२५६ ठशांची एक यादी करून ती प्रतींसोबत ठेवते. कोणत्याही प्रतीतली फाइल अजून तीच आहे का, हे त्या यादीवरून ताडता येते.

मग आरसा कशासाठी? काम थांबू नये म्हणून. आठवडाभर कोणी म्हातारी बाई तुमच्या शेजारी बसून फोटोतली नावे सांगते आहे आणि मध्येच डिस्क गेली, तर शेवटच्या प्रतीनंतरचे सगळे जाते. ती नावे पुन्हा सांगायला ती बाई असेलच असे नाही. आरसा तो मधला काळ सांभाळतो. प्रत उरलेले सगळे सांभाळते. म्हणून पैसे थोडे असतील तर आधी प्रत, मग आरसा.

प्रती वेगवेगळ्या गावी असाव्यात. आपण तर यासाठी जन्मालाच आलेलो: एक भाऊ अश्दोदला, एक बहीण ठाण्याला, चुलत भाऊ लंडनला. ज्या पांगापांगीबद्दल आपण इतके हळहळतो तिचा एवढा तरी उपयोग करून घेऊ. ही प्रत संगणकाला सतत जोडलेली नको. भरायची, काढायची, कपाटात ठेवायची.

काहीजण म्हणतात, हे सगळे क्लाउडवर टाकले की झाले. टाका, ती एक प्रत समजा. पण ते खाते कोणाच्या नावावर आहे? त्या माणसाच्या माघारी पासवर्ड कोणाला ठाऊक? भाडे कोण भरणार? भाड्याच्या खोलीत पाहुणा ठेवता येतो. घरातली ट्रंक आपल्याच छपराखाली हवी.

एक काम मात्र कोणतीही डिस्क करत नाही. वॉर्डात ड्युटी बदलताना आपण पुढच्या सिस्टरला रोग्याची सगळी माहिती देतो, मगच घरी जातो. तशी एक पानाची सूचना मराठीत आणि घरातली मुले वाचतात त्या भाषेत लिहा: संगणक कुठे, डिस्क कोणत्या, अनुक्रमांक काय, संच कसा उघडायचा, प्रती कोणाकडे. ती छापून प्रत्येक प्रतीसोबत ठेवा. घरातल्या एका तरुणाला एकदा समोर बसवून, आपण हात न लावता, ती वाचून संच उघडायला लावा. तो जिथे अडेल तिथे सूचना सुधारा.

आणि वर्षातून एकदा, पेसाहच्या साफसफाईत कपाटे रिकामी होतातच, तेव्हा प्रत्येक प्रत बाहेर काढा आणि तिच्यातल्या कोणत्याही दहा फाइली उघडून पाहा. उघडल्या तर पुसून परत ठेवा. एखादी उघडली नाही, तर दुसऱ्या गावची प्रत आहे तोवर नवी करून घ्या.